चवडा टेकला की पुरे

मोटरसायकल घ्यायला आलेल्या ठेंगण्या माणसाची परीक्षा आपल्याकडे एकाच प्रश्नावर उरकली जाते: पाय पुरतात का? विक्रेता तेच विचारतो, सोबत आलेला भाऊ किंवा नवरा तेच विचारतो, आणि शोरूमच्या गुळगुळीत फरशीवर दोन्ही तळवे सपाट टेकले की सगळ्यांचा जीव भांड्यात पडतो. नाही टेकले तर बोलणं स्कूटरकडे वळतं. पुढल्या पानांत गाड्यांची निवड, सीटची कातरणी, शॉकअपची मांडणी यांची तपशीलवार माहिती आहे. त्याआधी हा प्रश्नच तपासून घ्यायला हवा, कारण तो अर्धवट आहे आणि त्याच्या पोटी दोन नुकसानं होतात. चालवता आली असती अशी गाडी माणूस सोडून देतो, हे पहिलं. दुसरं जास्त महागात पडतं: पाय टेकवण्याच्या हट्टापायी चांगली गाडी खाली बसवून घेतली जाते आणि मग ती घाटात नीट वळत नाही, खड्ड्यात आपटते आणि स्टँडवरून उलथते. गाडी थांबलेली असते तेव्हाची सोय पाहताना ती चालत असते तेव्हाची वाट लावायची नाही, एवढीच या प्रस्तावनेची भूमिका आहे. बाकी सगळा तिचाच विस्तार.

आधी माणसाचं माप पाहू. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या मोजमापांत भारतीय स्त्रीची सरासरी उंची 152 सेंटिमीटरच्या आसपास येते, पुरुषांची साधारण 165 च्या आगेमागे. म्हणजे 'कमी उंचीचा चालक' हा इथे अपवाद म्हणायला जागाच नाही. निम्म्याहून जास्त बायका आणि बरेचसे पुरुष त्यात बसतात. मांडीच्या सांध्यापासून टाचेपर्यंतची आतली लांबी ढोबळमानाने उंचीच्या 45 टक्के धरतात. 155 सेंटिमीटर उंचीच्या चालकाची ती 70 सेंटिमीटर भरेल, बुटाचा तळ धरून 72-73. आता गाड्यांचे आकडे बघा. हिरो स्प्लेंडरची सीट 785 मिलिमीटर, क्लासिक 350 ची 805, हिमालयन 450 ची खालच्या खाचेत 825, पहिल्या पिढीच्या केटीएम 390 ॲडव्हेंचरची 855. उलट टोकाला मीटिऑर 350 ची 765 आणि बजाज ॲव्हेंजरची 737. नुसत्या वजाबाकीने पाहिलं तर आपल्या चालकाला ॲव्हेंजरसुद्धा एक-दीड सेंटिमीटरने उंच पडते आणि देशात सगळ्यात जास्त खपणाऱ्या गाड्यांतली स्प्लेंडर तर चालवताच येऊ नये. प्रत्यक्षात याच उंचीची माणसं गावोगावी स्प्लेंडरवर दुधाचे कॅन घालून फिरतात. वजाबाकीत काहीतरी सुटतंय हे उघड आहे.

सुटलेल्या गोष्टी तीन. माहितीपत्रकातली सीटची उंची रिकाम्या गाडीची असते. चालक बसला की स्प्रिंगा दबतात आणि गाडी दोन-तीन सेंटिमीटर खाली येते, लांब शॉकअपच्या गाड्या त्याहून जास्त. दुसरी गोष्ट, पाय टाचेवर संपत नाही. टाच उचलून चवड्यावर उभं राहिलं की सहा-सात सेंटिमीटर सहज मिळतात. तिसरी आणि सगळ्यात दुर्लक्षित गोष्ट म्हणजे सीटची रुंदी. पाय सीटवरून सरळ खाली जात नाही, सीटच्या कडेला वळसा घालून तिरपा उतरतो, आणि तिरपा पाय कमी पोचतो. 70 सेंटिमीटरचा पाय 15 अंशांनी फाकला तर जेमतेम अडीच सेंटिमीटरचं नुकसान होतं, 25 अंशांनी फाकला तर साडेसहाचं. म्हणून 790 मिलिमीटरची पण टाकीजवळ निमुळती होत गेलेली सीट ही 765 मिलिमीटरच्या ऐसपैस गादीपेक्षा पायाला जवळची ठरू शकते. क्रूझर गाड्या ठेंगण्या माणसांसाठीच बनतात असा जो समज आहे तो इथे निम्मा कोसळतो. सीट खाली असते खरी, पण रुंद असते, पायदाणं पुढे असतात, हँडल लांब असतं, आणि आखूड पाय असलेल्या माणसाचे हातही बहुधा आखूडच असतात. यू-टर्न घेताना बाहेरचा हात ताणला जाऊन शरीर सीटवरून ओढलं जातं. शोरूममध्ये गाडी जागेवर उभी असते, त्यामुळे ही गोष्ट कुणाच्या ध्यानात येत नाही.

यावर सगळ्यात वजनदार आक्षेप सुरक्षिततेचा आहे. दोन्ही पाय सपाट टेकले नाहीत तर गाडी पडेल, असं घरचे म्हणतात, आणि त्यांची काळजी खोटी नाही. पण गाडी पडते कशी ते आकड्यांत पाहावं. 181 किलोची हंटर 350 घ्या. तिचा गुरुत्वमध्य जमिनीपासून अर्ध्या मीटरवर धरला आणि चालक तिला साधारण 90 सेंटिमीटर उंचीवर, हँडलाजवळ, सावरतो असं मानलं, तर गाडी 5 अंश कलली असताना तिला थोपवायला सुमारे 9 किलोंचा जोर लागतो. नळाखालून भरलेली लहान बादली उचलण्याइतका. 20 अंश कलली की तोच जोर 34 किलोंवर जातो, आणि त्यात बसलेल्या माणसाचं वजन धरलेलं नाही. याचा अर्थ सरळ आहे. पहिल्या चार-पाच अंशांत गाडी सावरायला एका पायाचा चवडा पुरतो. वीस अंशांपलीकडे गेलेली गाडी सहा फुटी माणसाचे दोन्ही तळवे सपाट असूनही हातातून जाते. निर्णय लागतो तो मधल्या क्षणभरात, आणि तिथे पायाच्या लांबीपेक्षा गाडी थांबताना ती सरळ उभी होती का, हँडल सरळ होतं का, पुढचा ब्रेक हँडल वळलेलं असताना दाबला का, हे जास्त मोलाचं असतं. पाय लांब असलेला चालक या तिन्ही चुका पचवून नेतो, आखूड पायवाल्याला त्या पचत नाहीत. फरक आहे, नाकारत नाही. पण तो फरक सरावाने भरून काढायचा आहे, करवतीने नाही.

सराव म्हणजे काय, तेही थोडक्यात सांगतो. थांबताना दोन्ही पाय खाली लोंबकळत ठेवायचे नाहीत. उजवा पाय मागच्या ब्रेकवर राहतो, डावा खाली येतो, आणि त्यासाठी कंबर सीटवर दोन-तीन बोटं डावीकडे सरकवायची. एवढ्या सरकण्याने डावा पाय सरळ होतो आणि वर सांगितलेलं तिरपेपणाचं नुकसान बरंचसं परत मिळतं. चढावर थांबायचं तर उजवा पाय ब्रेकवर असणं हीच खरी सुरक्षितता, दोन्ही तळवे सपाट टेकवून बसलेला माणूस मात्र चढावर फक्त पुढच्या ब्रेकच्या भरवशावर असतो. आपल्याकडे एक अडचण खास आहे. आपण डावीकडून चालतो आणि पाणी वाहून जावं म्हणून डांबरी रस्ता कडेकडे शंभरात दोन-अडीच या प्रमाणात उतरता ठेवलेला असतो. नेमका डावा पाय उताराच्या बाजूला पडतो. त्या उताराने सेंटिमीटरभराचाच फरक होतो, पण डांबराची कड जिथे संपते तिथे साइडपट्टी खचून तीन-चार इंचांची पायरी झालेली असते आणि पावसाळ्यात ती पाण्याखाली दिसतही नाही. ताम्हिणीत धबधबा बघायला अगदी कडेला गाडी थांबवली, पाय खाली टाकला आणि खाली जमीनच नाही, असे प्रसंग उंच माणसांवरही येतात. तेव्हा ठेंगण्या चालकाने रस्त्याची कड सोडून हातभर आत थांबावं आणि थांबायच्या आधी जमीन बघावी. तसंच उताराला तोंड करून भिंतीशी गाडी लावू नये. चवड्यावर बसून ती मागे ढकलता येत नाही, उतरून ओढावी लागते. गाडीशेजारी उभं राहून, कमरेला टेकवून तिला ढकलत नेणं ही शिकण्याची गोष्ट आहे आणि त्यात कमीपणा काही नाही.

मोटोजीपीमधला दानी पेद्रोसा जेमतेम 160 सेंटिमीटर उंचीचा. 2006 ते 2018 या काळात त्याने त्या सर्वोच्च वर्गात 31 शर्यती जिंकल्या आणि तीन वेळा अजिंक्यपदाच्या यादीत दुसरा आला. हे उदाहरण दिलं की लगेच उत्तर येतं: शर्यतीत सिग्नल नसतात. बरोबर आहे. सुरुवातीच्या रेषेवर तो टोकावर तोलून उभा राहत असे आणि नंतर पाऊणेक तास पाय टेकवायची वेळ येत नसे. त्याच्या उदाहरणाने स्वारगेटचा चौक सुटत नाही. पण एक गोष्ट त्यातून सिद्ध होते: चालत्या गाडीला चालकाच्या पायाची लांबी कळत नाही. अडचण काही सेकंदांची, थांबण्याच्या वेळची आहे. त्या सेकंदांसाठी उरलेल्या तासांचं गणित बिघडवायचं का, याचा विचार गाडीत बदल करण्याआधी व्हायला हवा.

बदलांकडे येऊ. इथे माझा क्रम ठरलेला आहे: जे पूर्ववत करता येतं ते आधी, जे येत नाही ते शेवटी. पहिला मान शॉकअपच्या मांडणीचा, आणि आश्चर्य म्हणजे त्याला पैसेही लागत नाहीत. कंपनी स्प्रिंगांचा ताण मध्यम वजनाच्या माणसाला धरून ठेवते, कित्येकदा मागे बसणाराही हिशेबात असतो. 48-50 किलोंचा चालक बसला की स्प्रिंग पुरेशी दबतच नाही. शॉकअपच्या एकूण हालचालीचा चौथा ते तिसरा हिस्सा चालक बसल्यावर दबावा असा साधारण नियम आहे. हिमालयन 450 ला पुढेमागे 200 मिलिमीटरची हालचाल आहे, म्हणजे पाच-साडेसहा सेंटिमीटर दबायला हवेत. हलक्या चालकाखाली मागचा भाग तीन-साडेतीनच दबत असेल तर दोनेक सेंटिमीटर उंची फुकट अंगावर आहे. दोन शॉकअपच्या साध्या गाडीवर हुकाच्या पान्याने खाचांची कडी फिरवली की काम होतं, पाच मिनिटांचं. अमुक खाच जास्त सैल म्हणून मेकॅनिक कुरकुरला तर त्याला मापून दाखवावं: मागच्या चाकाच्या आसापासून सीटखालच्या एखाद्या बोल्टपर्यंतचं अंतर, चाक अधांतरी असताना आणि चालक बसलेला असताना. या बदलाचं वैशिष्ट्य असं की त्याने गाडी बिघडत नाही, उलट हलक्या माणसाला ती पहिल्यांदाच नीट चालते. मागे कुणी बसणार असेल त्या दिवशी कडी पुन्हा फिरवावी लागते, एवढाच जाच.

दुसरी पाळी सीटची. सीटवाल्याकडे गेलं की तो पहिल्यांदा विचारतो, 'किती खाली करू?' खरं तर त्याला सांगायला हवं, 'मधे फार हात लावू नका, पुढच्या कडा काढा.' टाकीलगतच्या भागात दोन्ही खांद्यांचा फोम तिरका कापला तर पाय आत येतात आणि बसण्याची जागा तशीच राहते. मधला फोम इंचभर काढला तर उंची इंचभर कमी होते खरी, पण शंभरेक किलोमीटरनंतर माकडहाड सीटखालच्या प्लास्टिकशी बोलायला लागतं. शिवाय सीट खाली आली म्हणजे पायदाणांपासूनचं अंतर घटलं, गुडघे जास्त दुमडले. आखूड पायांना ते बहुधा चालतं, तरी आधीच दुखऱ्या गुडघ्यांचा माणूस असेल तर विचार करावा. पुढच्या भागात उतार राहिला तर प्रत्येक ब्रेकला चालक टाकीवर घसरतो, याकडेही लक्ष हवं. मूळ सीट तशीच ठेवून दुसरी घ्यावी आणि तिच्यावर प्रयोग करावेत हे उत्तम. काही कंपन्या स्वतःच बुटकी सीट विकतात. हिमालयन 450 ला ती मिळते आणि उंची 805 वर येते. जाड तळाच्या बुटांनी दोन सेंटिमीटर मिळतात, पण गिअरचा पाय त्या तळाखाली बधिर होतो, म्हणून बूट घेतल्याच दिवशी गिअरचा दांडा वर घेऊन ठेवावा.

तिसरी पायरी म्हणजे गाडी खरोखर खाली बसवणं: मागे आखूड शॉकअप किंवा एका शॉकअपच्या गाडीला लांब लिंक, आणि पुढे फोर्कचे पाइप टी-प्लेटमधून वर सरकवणं. आपल्याकडे बहुतेक वेळा यातलं पहिलंच होतं, दुसरं विसरलं जातं. मागून अडीच सेंटिमीटर खाली आणि पुढे काहीच नाही, असं केलं की 1,400 मिलिमीटर चाकांतराच्या गाडीचा पुढचा काटा सुमारे एका अंशाने मागे झुकतो. एक अंश ऐकायला किरकोळ. पण गाडी वळायला जड होते, वळणात बाहेर पळायला बघते आणि रात्री हेडलाइट समोरच्याच्या डोळ्यांत जातो. साइड स्टँड तेवढाच राहिला तर गाडी जवळजवळ सरळ उभी राहते आणि उजवीकडे जरा उतार असला की आडवी होते. स्टँड कापून घ्यावा लागतो. मेन स्टँडवर चढवताना मात्र आता गाडी जास्त उचलावी लागते, म्हणजे ज्याच्यासाठी हे सगळं केलं त्यालाच ते जमत नाही.

सगळ्यात मोठी किंमत गाडीच्या पोटाला मोजावी लागते. गतिरोधक कसा असावा याचं भारतीय रस्ते महासभेचं मानक आहे: 10 सेंटिमीटर उंच, 3.7 मीटर रुंद, 17 मीटर त्रिज्येची गोलाई. अशा गतिरोधकावरून 1,400 मिलिमीटर चाकांतराची गाडी गेली तर गोलाईमुळे तिच्या पोटाखालची फक्त दीड सेंटिमीटर जागा खाल्ली जाते. तो जणू नसल्यासारखाच. पण गावाच्या वेशीवर लोकांनी रातोरात घातलेला, फूटभर रुंदीचा आणि तेवढ्याच 10 सेंटिमीटर उंचीचा उंचवटा दोन चाकांच्या मधोमध आला की पूर्ण 10 सेंटिमीटर खातो. स्प्लेंडरच्या पोटाखाली 165 मिलिमीटर जागा आहे. दोन माणसं बसल्यावर त्यातले चार-पाच सेंटिमीटर स्प्रिंगांत जातात, उरतात साधारण साडेअकरा. गाडी अडीच सेंटिमीटर खाली बसवली असेल तर नऊच, म्हणजे चेंबर लागणार, तेही इंजिनाच्या बुडाला. हिमालयनच्या 230 मिलिमीटरमधून अडीच काढले तर मात्र कुणाला पत्ता लागत नाही. म्हणून गाडी खाली बसवण्याला सरसकट विरोध करण्यात अर्थ नाही. उंच पोटाच्या गाडीवर, पुढून-मागून सारख्या मापाने, स्टँडसकट केलेलं काम ठीक असतं. आधीच जमिनीलगत असलेल्या गाडीवर ते करणं हा शुद्ध तोटा आहे.

कायद्याचा मुद्दा टाळून चालणार नाही. मोटार वाहन कायदा, 1988 च्या कलम 52 नुसार नोंदणी-पुस्तकातल्या, म्हणजे कंपनीने दिलेल्या, तपशिलाशी विसंगत ठरेल असा बदल गाडीत करता येत नाही, आणि जानेवारी 2019 मध्ये केरळमधून आलेल्या एका प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने हे पुन्हा बजावलं. त्याच वर्षीच्या दुरुस्तीने कलम 182अ आणलं. परवानगी नसलेल्या बदलासाठी सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दर बदलामागे 5,000 रुपये दंड, किंवा दोन्ही. कंपनीने दिलेली कडी फिरवणं, कंपनीचीच बुटकी सीट लावणं यात अडचण नाही. फ्रेम कापणं, मागची फ्रेम वाकवून वेल्ड करणं उघडउघड गैर आहे आणि धोक्याचंही. बाहेरून आणलेली लिंक किंवा आखूड शॉकअप या दोघांच्या मधे कुठेतरी पडतात. अपघातानंतर विम्याच्या माणसाने त्यावर बोट ठेवलं तर वाद अंगाशी येऊ शकतो. हेही क्रमात त्यांना शेवटी ठेवण्याचं कारण.

एवढा खटाटोप करण्यापेक्षा हलकी, बुटकी गाडी किंवा स्कूटर का घेऊ नये, असा व्यवहारी सवाल उरतो. नव्याने शिकणाऱ्याला, रोज कोंडीत सरपटणाऱ्याला, मागे मूल बसवून शाळेत सोडणाऱ्याला माझंही उत्तर तेच आहे. शिकण्याचे पहिले महिने 112 किलोच्या स्प्लेंडरवर घालवणं हे 191 किलोच्या मीटिऑरवर घालवण्यापेक्षा शहाणपणाचं, सीट दोन सेंटिमीटर उंच असूनही. वजन हा उंचीपेक्षा कठोर हिशेबनीस आहे. पण ज्याला स्पितीला जायचंय, ज्याला खराब रस्त्यावर दिवसदिवस गाडी हाकायचीय, त्याला स्कूटरचा सल्ला देणं म्हणजे प्रश्नाला उत्तर न देता प्रश्न विचारणाऱ्याला घरी पाठवणं. असा सल्ला मिळतो तो जास्त करून बायकांना. पुण्यात 2011 मध्ये 'बायकर्नी' ही केवळ स्त्री-चालकांची संघटना उभी राहिली, त्यानंतर देशभर बायका बुलेटपासून ॲडव्हेंचर गाड्यांपर्यंत सगळं चालवताना दिसतात. त्या सगळ्या उंच नाहीत.

गाडी बघायला जाताना सोबत शिंप्याची टेप न्यावी, अशी माझी शिफारस आहे. बीएमडब्ल्यू आपल्या मोटरसायकलींच्या माहितीत सीटच्या उंचीसोबत आणखी एक माप छापते: एका पावलापासून निघून सीटवरून दुसऱ्या पावलापर्यंतच्या वळशाची लांबी. उंची आणि रुंदी दोन्ही त्यात येतात, त्यामुळे हा आकडा नुसत्या उंचीहून खरा. आपल्याकडच्या माहितीपत्रकांत तो सहसा नसतो, पण मोजायला अवघड नाही. घरी बूट घालून एका बुटाच्या तळापासून दोन्ही पायांमधून दुसऱ्या तळापर्यंत टेप धरायची आणि आकडा लिहून ठेवायचा. शोरूममध्ये गाडी सरळ धरून, सीटच्या सगळ्यात निमुळत्या जागेवरून, डावीकडच्या फरशीपासून उजवीकडच्या फरशीपर्यंत तीच टेप टाकायची. गाडीचा आकडा दहा-बारा सेंटिमीटरने जास्त निघाला तरी दोन्ही चवडे टेकतात, कारण दर पायाला टाचेची उचल आणि स्प्रिंगांचं दबणं मिळून तेवढा फरक भरून निघतो. त्याहून थोडा जास्त निघाला तर कंबर सरकवून एक पाय टेकेल आणि कडी फिरवल्यावर, कडा कापल्यावर काम भागेल. वीसच्या पुढे गेला तर दुसरी गाडी बघावी. मोजताना गाडी सरळ धरायचं काम विक्रेत्याला सांगावं. तेवढ्या वेळात तिचं वजन काय चीज आहे, हे तोही बोलून दाखवतो.